तेल एंजिन, विहिरीवरील : जुळणी व दुरुस्ती

विहिरीवरील तेल एंजिन : विहिरीतील पाणी उपसणाऱ्या पंपास जोडलेले, बहुधा एका सिलिंडराचे व ३ ते १० अश्वशक्तीचे स्थिर डीझेल एंजिन. ग्रामीण महाराष्ट्रात त्यास ‘ऑइल इंजिन’ किंवा नुसते ‘इंजन’ म्हणतात. मोट आणि विजेचा पंप यांच्या मधल्या काळात कोरडवाहू पट्ट्यातील बागायत प्रामुख्याने या यंत्रावर उभी राहिली. यंत्र कारखान्यात तयार होत असले, तरी पुढची वीस-तीस वर्षे ते चालते ठेवण्याचे काम तालुक्याच्या गावातील मिस्त्रीने केले. म्हणून या एंजिनाचा इतिहास बराचसा त्याच्या दुरुस्तीचा इतिहास आहे. येथे तो मराठवाड्यातील, विशेषतः भोकरदन परिसरासारख्या विहिरींवर अवलंबून असलेल्या प्रदेशाच्या संदर्भात दिला आहे.

भोकरदन हे जालना जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण केळणा नदीकाठी वसले आहे. प्राचीन भोगवर्धन ते हेच. सांची व भारहूत येथील दानलेखांत या नगराचा उल्लेख येतो. १९७३ मध्ये शां. भा. देव व र. शं. गुप्ते यांच्या मार्गदर्शनाखाली येथे उत्खनन झाले आणि त्यात पाँपेई येथील प्रसिद्ध हस्तिदंती मूर्तीशी साम्य असलेली मूर्ती मिळाली. गाव नदीकाठी असले, तरी तालुक्यातील शेतीची भिस्त पाऊस व विहिरी यांवरच राहिली. दख्खनच्या काळ्या पाषाणात मुरमाचा थर ओलांडून भेगाळलेल्या खडकापर्यंत विहीर खणावी लागते. पाणी खडकाच्या सांध्यांतून सावकाश झिरपते आणि माघानंतर त्याची पातळी झपाट्याने खाली जाते. बैलजोडी, चामड्याची मोट, नाडा, सोंदूर, धाव व थारोळे ही सामग्री अशा विहिरींवर शतकानुशतके होती. तिच्या उपशाची गती झऱ्याच्या गतीशी बऱ्यापैकी जुळत असे. एंजिनाने हे प्रमाण बदलले.

पूर्वपीठिका : जड तेलावर चालणारे एंजिन प्रथम इंग्लंडमध्ये व्यवहारात आले. हर्बर्ट ॲक्रॉइड स्ट्यूअर्ट यांच्या १८९० च्या एकस्वाधारे (पेटंटाधारे) ग्रँटम येथील हॉर्न्सबी कंपनीने १८९२ पासून अशी एंजिने बांधली. त्यांचा तप्तगोल दिव्याच्या ज्योतीने लाल होईपर्यंत तापविल्याशिवाय एंजिन सुरू होत नसे. रूडोल्फ डीझेल यांनी केवळ संपीडनाने तापलेल्या हवेत इंधन पेटविण्याची कल्पना १८९२ मध्ये मांडली व १८९७ मध्ये तिचे यशस्वी एंजिन आउग्सबुर्क येथे चालवून दाखविले. तथापि डीझेल तत्त्व शेतकऱ्याच्या आवाक्यातील लहान एंजिनात येण्यास आणखी तीस वर्षे लागली. इंधन फवारणारा लहान व अचूक पंप ही मुख्य अडचण होती. रोबेर्ट बॉश यांच्या कारखान्यातून १९२७ पासून असे पंप मोठ्या संख्येने निघू लागल्यावर ती दूर झाली. लगेच दोन-तीन वर्षांत डर्झ्ली येथील लिस्टर कंपनीचे थंड स्थितीतून सुरू होणारे मंदगती एंजिन बाजारात आले. ११४·३ मिमी. व्यासाचे सिलिंडर, १३९·७ मिमी. धाव, मिनिटाला ६०० फेरे, ५ अश्वशक्ती आणि दोन्ही बाजूंस भलीमोठी प्रचक्रे असे त्याचे स्वरूप होते. पुढे फेरे ६५० करून ते ६ अश्वशक्तीचे करण्यात आले. या एंजिनाच्या प्रतिकृती गुजरातेत राजकोट येथे इतक्या बनल्या, की मूळ कंपनीचे नाव एका कारखान्याचे न राहता एंजिनाच्या जातीचे नाव झाले.

महाराष्ट्रात यंत्रनिर्मितीचा पाया शेतीच्या अवजारांनी घातला. किर्लोस्करांचा लोखंडी नांगर १९०३ मधील असून किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० मध्ये सुरू झाला. साताऱ्याजवळ धनजीशा कूपर यांनी १९२२ मध्ये काढलेल्या कारखान्यात १९३० नंतरच्या दशकात डीझेल एंजिने तयार होऊ लागली. १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकी येथे किर्लोस्कर ऑइल एंजिन्स ही कंपनी निघाली व तिने इंग्लंडमधील पेटर जातीच्या एंजिनांचे उत्पादन हाती घेतले. कोल्हापूरच्या उद्यमनगरातील ओतशाळांनीही तेल एंजिने व त्यांचे सुटे भाग बनविण्यात नाव मिळविले. इंधन पंप व नोझले यांसाठी १९५१ मध्ये बंगलोर येथे मोटर इंडस्ट्रीज कंपनी (‘मायको’) स्थापन झाली. दुरुस्तीच्या दृष्टीने ही घटना एंजिनांच्या उत्पादनाइतकीच महत्त्वाची होती. कारण एंजिनातील बाकी सर्व भाग गावच्या लेथवर कसेबसे घडविता येतात, पण इंधन पंपाचा दट्ट्या नाही. त्याच्या व नळकांड्याच्या मधली फट मिलिमीटरच्या काही हजारांश भागाएवढीच असते.

मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. १९०० च्या सुमारास हैदराबाद–मनमाड मीटरमापी लोहमार्ग जालन्यावरून गेल्यामुळे तेथील कापसाच्या बाजारपेठेत सरकी काढण्याचे व गठ्ठे बांधण्याचे कारखाने वाढले आणि एंजिन ओळखणारे कारागीरही तयार झाले. विहिरीवरचे एंजिन मात्र येथे पश्चिम महाराष्ट्राच्या मानाने उशिरा पसरले. त्यास १९६० नंतर वेग आला. कारणे अनेक होती : संकरित बियाणे, भूविकास बँकेचे कर्ज आणि १९७२ चा दुष्काळ. १९६४ मध्ये जालना येथे ‘महिको’ ही बियाणे कंपनी निघाली. बीजोत्पादनाच्या पिकास फुलोऱ्याच्या दिवसांत पाणी चुकून चालत नाही. मोटेवर ज्याचे भागत होते, अशा शेतकऱ्यालाही त्यामुळे एंजिनाची निकड वाटू लागली.

एंजिनाचे मोल : हे मोल आकड्यांत मांडता येते. ५ अश्वशक्तीचे एंजिन, ५० टक्के कार्यक्षमतेचा पंप आणि नळातील घर्षण धरून एकूण १५ मी. उंची असे गृहीत धरल्यास सेकंदास सु. १२ लि. पाणी वर येते. एक एकर गव्हास ६ सेंमी. पाण्याची एक पाळी द्यावयाची म्हणजे सु. २४० घ. मी. पाणी, अर्थात पाच-साडेपाच तासांचा उपसा. सुस्थितीतील एंजिन तेवढ्या वेळात सु. ६ ते ७ लि. डीझेल जाळते. पण पाषाणातील विहीर सलग इतका वेळ पाणी देईलच असे नाही. दोन-तीन तास उपसा, मग झरा भरण्याची वाट, मग पुन्हा उपसा असा क्रम उन्हाळ्याच्या तोंडी चालतो. विहिरीत पाणी साठलेले असताना एंजिन बंद पडले, तर ती वेळ परत मिळत नाही. ओंबीत दाणा भरत असताना पाण्याची एक पाळी हुकल्यास उत्पन्नात होणारी घट पुढील पाळीने भरून निघत नाही. मिस्त्रीला रात्री-अपरात्री बोलावणे येई ते यामुळे.

लक्षणांवरून निदान : अनुभवी कारागीर एंजिन उघडण्यापूर्वी धूर पाहतो. काळा धूर म्हणजे इंधन पुरते जळत नाही. हवेची जाळी धुळीने बुजलेली असते, नोझल थेंब गाळत असते किंवा एंजिनावर ताकदीबाहेरचा भार पडलेला असतो. निळसर धूर वंगण जळत असल्याची खूण होय. कड्या (रिंगा) किंवा सिलिंडराचे अस्तर झिजल्याने तेल वर चढते. पांढरा धूर न पेटलेल्या इंधनाच्या वाफेचा असतो व तो संपीडन कमी पडल्यावर, अंतःक्षेपण उशिरा होऊ लागल्यावर अथवा डीझेलमध्ये पाणी मिसळल्यावर दिसतो. दुसरी परीक्षा हाताची. संपीडनमुक्तीचा खटका सोडून हँडलने प्रचक्र सावकाश फिरविताना संपीडनाच्या धावेला ते रबरासारखे मागे ढकलले जावयास हवे. नुसते सुस्कारत पुढे गेले, तर हवा कोठून तरी निसटत आहे. ती झडपेतून जाते की कड्यांतून, हे निष्कास नळीस किंवा भुजापेटीच्या झाकणास कान लावून ठरवितात.

बिघाडांपैकी पुष्कळसे क्षुल्लक असतात. टाकीतील डीझेल संपून इंधननळीत हवा शिरणे हा सर्वांत नेहमीचा. पंपाजवळचा स्क्रू सैल करून बुडबुडे संपेपर्यंत तेल वाहू दिले, की एंजिन चालते. ही गोष्ट न समजल्याने निरोगी एंजिने ‘खोलली’ गेल्याची उदाहरणे कमी नाहीत. अनावश्यक दुरुस्तीने एंजिनाचे आयुष्य जितके घटते, तितके कित्येकदा झिजेनेही घटत नाही.

संपीडनाची जुळणी : पेटर जातीच्या किर्लोस्कर ‘एव्ही-१’ या सर्वपरिचित एंजिनाचे सिलिंडर ८० मिमी. व्यासाचे, धाव ११० मिमी., घनफळ ५५३ घ. सेंमी., संपीडन गुणोत्तर १६·५ व गती मिनिटाला १,५०० फेरे असते. दट्ट्या वरच्या टोकास असताना त्याच्या माथ्यावर उरणारी जागा यावरून ३६ घ. सेंमी.पेक्षाही थोडी कमी भरते. शीर्षाखाली मूळच्यापेक्षा केवळ अर्धा मिलिमीटर जाड गॅस्केट बसविले, तर ही जागा अडीच घ. सेंमी.नी वाढते आणि गुणोत्तर १६·५ वरून १५·५ वर येते. उन्हाळ्यात एवढ्याने अडत नाही. पौषातील पहाटे मात्र तेच एंजिन सुरू करताना माणसाचा दम निघतो. म्हणून चांगला मिस्त्री शीर्ष बसविण्यापूर्वी दट्ट्यावर शिशाची तार ठेवतो, शीर्ष आवळून प्रचक्र एकदा फिरवितो आणि दबलेल्या तारेची जाडी सूक्ष्ममापकाने पाहतो. या साध्या युक्तीने पुस्तकावाचून फट कळते.

झडपा व त्यांच्या बैठका कार्बोरंडमच्या लेपाने एकमेकींवर घासून जुळवितात. घासलेल्या झडपेच्या पाठीवर रॉकेल ओतून ठेवले व काही मिनिटांत पाझर दिसला नाही, तर काम पक्के समजतात. टॅपेटची फट एंजिन थंड असताना ठेवावयाची असते. दाढीच्या पात्याची जाडी सु. ०·१ मिमी. असल्यामुळे फीलर पट्टी हाताशी नसताना अशा पात्यांवरही काम भागू शकते. सिलिंडराची झीज वरच्या कडीच्या जागी सर्वाधिक होते. ती मर्यादेबाहेर गेल्यास अस्तर बदलतात किंवा पाव-पाव मिलिमीटरच्या टप्प्याने सिलिंडर मोठे करून त्या मापाचा दट्ट्या घालतात. जुन्या मंदगती एंजिनांत संयोगदांड्याच्या मोठ्या टोकाचे धारवे पांढऱ्या धातूचे असत. ते ओतून, भुजादंडावर निळा रंग लावून व उंचवटे पात्याने खरवडून बसविणे ही खरी कसोटी होती. आयत्या बनावटीचे पातळ कवची धारवे आल्यावर ही कला मागे पडली.

इंधनाची जुळणी : नोझल तपासताना ते बाहेर काढून मोकळ्या हवेत फवारा पाहतात. फवारा धुक्यासारखा असावा, शेवट ‘कुर्र’ अशा तुटक आवाजाने व्हावा आणि टोक कोरडे राहावे. दर चौ. सेंमी.ला २०० किग्रॅ.च्या आसपास दाब झाल्यावरच ते उघडावे लागते. या फवाऱ्यासमोर हात धरणे अत्यंत धोक्याचे आहे. एवढ्या दाबाचे तेल कातडी भेदून आत शिरते. वरून सुईच्या टोचणीएवढी दिसणारी जखम बोट गमावण्यापर्यंत जाऊ शकते.

अंतःक्षेपणाची वेळ दट्ट्या वरच्या टोकास पोहोचण्यापूर्वी सु. २३ अंश ठेवावी लागते. पंपावरची नळी सोडून व निर्गम झडप काढून प्रचक्र हळूहळू फिरवितात. ओघळणारे तेल ज्या क्षणी थांबते, तो अंतःक्षेपणाचा आरंभ. प्रचक्राचा व्यास ४० सेंमी. असल्यास २३ अंश म्हणजे परिघावर सु. ८ सेंमी. अंतर होय. मूळ खूण पुसली गेली असेल, तर दोऱ्याने परिघ मोजून ती पुन्हा पाडता येते. पंपाखालच्या पातळ चकत्या कमी-अधिक करून वेळ मागे-पुढे करतात. वेळ फार लवकर झाली, तर एंजिन हातोडा मारल्यासारखे ठोकते. उशीर झाला, तर निष्कास नळी लाल होते व पाणी कमी पडते.

गतीचा मोह : पंपाचे पाणी कमी वाटू लागले, की गतिनियंत्रकाची कमान ताणून फेरे वाढविण्याची प्रवृत्ती सर्वत्र आढळते. केंद्रोत्सारी पंपाच्या गतीत १० टक्के वाढ झाल्यास पाणी जवळजवळ त्याच प्रमाणात वाढते, पण लागणारी शक्ती गतीच्या घनाच्या प्रमाणात म्हणजे सु. ३३ टक्के वाढते. पूर्ण भारावर चाललेल्या एंजिनाकडे एवढी शिल्लक नसते. ते काळा धूर ओकू लागते, पुढे दट्ट्या अडकतो किंवा संयोगदांडा तुटून पेटी फोडतो. उलट फेरे १० टक्के घटले, तर पाणी चढविण्याची उंची सु. १९ टक्के कमी होते व खोल विहिरीवर पाणी मुळीच पडत नाही. त्यामुळे फेरे मोजण्याचे साधन हे मिस्त्रीच्या पेटीतील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपकरण ठरते. दोष पुष्कळदा एंजिनात नसतोच. गाळाने अडलेली पायझडप किंवा अरुंद चूषणनळी एंजिनाच्या माथी मारली जाते. १९७३ व १९७९ मधील तेलाच्या भाववाढीनंतर डीझेलची उधळपट्टी राष्ट्रीय चिंतेचा विषय झाली आणि १९७८ मध्ये स्थापन झालेल्या पेट्रोलियम संरक्षण संशोधन संघटनेने कमी रोधाच्या पायझडपा व योग्य मापाच्या नळ्या यांचा प्रचार केला, त्यामागे हेच कारण होते.

विहिरीतील एंजिन : पंप पाणी खेचतो ते वातावरणाच्या दाबाच्या बळावर. समुद्रसपाटीस ही मर्यादा १०·३ मी. असते, सु. ५०० मी. उंचीच्या पठारावर ती सु. ९·७ मी. होते आणि व्यवहारात सहा-सात मीटरांपलीकडे पंप भरवशाचा राहत नाही. पाणी त्याखाली गेल्यावर विहिरीच्या पोटात टप्पा काढून एंजिन व पंप खाली उतरवीत. १९७२ च्या दुष्काळानंतर विहिरी खोल होत गेल्या, तसे हे टप्पेही खाली गेले. येथे जुळणीचा प्रश्न जिवावर येतो. अरुंद विहिरीत एंजिन आपल्याच धुरातील हवा ओढू लागते. ऑक्सिजन कमी पडला, की ज्वलन बिघडते व कार्बन मोनॉक्साइड वाढतो. या वायूस रंग नाही, वास नाही. पेट्रोलवर सुरू होऊन रॉकेलवर चालणाऱ्या हलक्या एंजिनांत तो डीझेल एंजिनापेक्षा कितीतरी अधिक असतो. बंद पडलेले एंजिन पाहण्यास एक जण उतरतो, तो कोसळतो, त्यास काढण्यास दुसरा उतरतो व तोही बळी पडतो, अशा दुर्घटना महाराष्ट्रात वारंवार घडल्या आहेत. निष्कास नळी विहिरीच्या काठावर आणणे, एंजिन बंद करून पुरेसा वेळ हवा खेळू देणे आणि कमरेस दोर बांधल्याशिवाय न उतरणे हे नियम साधे आहेत. पेटता कंदील खाली सोडून हवा पाहण्याची जुनी रीत ऑक्सिजनचा अभाव दाखविते, परंतु कार्बन मोनॉक्साइडाच्या बाबतीत ती फसवी आहे. माणसास घातक ठरेल एवढ्या प्रमाणातही ज्योत विझत नाही.

थंड करण्यासाठी पंपाच्याच पाण्याचा फाटा एंजिनाच्या पोकळ भिंतीतून नेतात. पाषाणातील विहिरींचे पाणी बहुधा जड असल्याने तेथे चुन्याचा थर साचतो व उष्णता अडते. सौम्य अम्लाने तो काढता येतो. मात्र नंतर भरपूर पाण्याने धुतले नाही, तर अम्ल बीड खाते.

नौकेवरील भावंड : लहान एंजिनांच्या कुळातील दुसरी प्रसिद्ध शाखा म्हणजे नौकेच्या पिछाडीस बाहेरून अडकविण्याचे एंजिन. अमेरिकेतील मिलवॉकी येथे ओले एव्हिनरूड यांनी १९०९ मध्ये विक्रीस आणलेले दीड अश्वशक्तीचे एंजिन हा तिचा आद्य यशस्वी नमुना होय. केरळच्या किनाऱ्यावर १९८० नंतर रॉकेलवर चालणारी अशी एंजिने झपाट्याने पसरली. महाराष्ट्राच्या मच्छिमारांनी मात्र मुख्यतः नौकेच्या आत बसविलेले डीझेल एंजिनच पसंत केले. बाह्य एंजिनाचे दोष वेगळे : मॅग्नेटोची क्षीण ठिणगी, प्लगवरील काजळी, कार्ब्युरेटरात सुकलेले इंधन, झिजलेले रबरी पंपचक्र आणि खाऱ्या पाण्याचा गंज. मराठवाड्याच्या खेड्यात ते क्वचितच दिसते. परंतु २०१९ मधील कोल्हापूर–सांगलीच्या महापुरासारख्या प्रसंगी बचावनौका याच एंजिनांवर धावतात. वर्षभर पडून राहून ऐन वेळी चालणे ही त्यांच्याकडून होणारी अपेक्षा विहिरीवरच्या आजच्या तेल एंजिनासारखीच आहे.

उत्तरकाळ : महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० मध्ये स्थापन झाले व पुढील तीन दशकांत वीज विहिरीपर्यंत पोहोचली. विद्युत् चलित्रास नोझल नाही, कड्या नाहीत, हँडल नाही. जालना जिल्हा औरंगाबाद व परभणी जिल्ह्यांच्या काही भागांतून १९८१ मध्ये वेगळा झाला, त्या सुमारास तेल एंजिनाचे महत्त्व ओसरू लागले होते. नंतर विंधनविहिरी आल्या. त्यांतील बुडता पंप तेल एंजिनाने सरळ चालविता येत नाही. तरीही ते नाहीसे झाले नाही. २००० नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत गोठ्यात पडलेली कित्येक एंजिने पुन्हा बाहेर काढली गेली. २०१९ मध्ये सुरू झालेल्या ‘कुसुम’ योजनेपासून सौर पंपांचा प्रसार वाढला असून शेततळ्यातील व नाल्यातील पाणी उचलण्यापुरते, तसेच पिठाच्या गिरणीसाठी तेल एंजिन उरले आहे. इंग्लंडमध्ये लिस्टर जातीची जुनी एंजिने हौशी संग्राहक चकचकीत करून मेळाव्यांत चालवितात. भारतात त्याच जातीचे एंजिन आजही कोठे कोठे पोटापाण्यासाठी राबते.

दीर्घकाळ बंद राहिलेल्या एंजिनाची दुरुस्ती धीराची असते. दट्ट्या गंजाने चिकटलेला असताना हातोड्याने ठोकल्यास त्याचा माथा फुटतो. त्याऐवजी नोझलच्या भोकातून रॉकेल व पातळ वंगण यांचे मिश्रण ओतून काही दिवस मुरू देतात आणि प्रचक्रास पुढे-मागे हलका झोका देत राहतात. दट्ट्या सुटला तरी लगेच इंधन देत नाहीत. टाकीतील जुने तेल उपसून, गाळण बदलून, भुजापेटीतील चिखलासारखे वंगण काढून व धारव्यांत नवे तेल पोहोचेपर्यंत खटका पाडून हाताने फेरे दिल्यावरच खटका सोडतात. एंजिन पुन्हा बंद ठेवावयाचे असल्यास दट्ट्या संपीडनाच्या वरच्या टोकास आणून दोन्ही झडपा मिटलेल्या राहतील असे ठेवावे, सिलिंडरात चमचाभर वंगण सोडावे आणि निष्कास नळीच्या तोंडास गोणपाट बांधावे. उंदीर व पहिला पाऊस यांपासून एंजिनास सर्वाधिक उपद्रव याच तोंडातून होतो.